आग्नेयेचा ध्रुव : मुक्कामाच्या जागीं दूरदर्शनाची छत्री कशी लावावी

आपल्या जुन्या ज्योतिषसिद्धान्तांत ‘त्रिप्रश्नाधिकार’ नांवाचा एक अध्याय असतो. दिक्, देश आणि काल हे ते तीन प्रश्न. कोणती दिशा कोणती, आपण भूमीवर कोठें उभे आहों, आणि आतां वेळ काय झाली, यांचीं उत्तरें एक काठी, एक दोरी आणि सूर्याची सांवली यांच्या साहाय्यानें कशीं काढावींत, हें त्यांत सांगितलेलें असतें. हा विषय पंचांगकर्त्यांचा. संसारी माणसास त्याचें काय काम, असें पुष्कळांस वाटेल. परंतु ज्या वस्तूचा या प्रश्नांशीं अगदीं निकट संबंध आहे अशी एक वस्तु आज घरोघर गच्चीवर बसलेली दिसते. ती म्हणजे दूरदर्शनाची ‘डिश’. खेड्यापाड्यांत तिला सरळ ‘छत्री’ म्हणतात, आणि तेंच नांव या लेखापुरतें आपणही घेऊं.

गच्चीवरची छत्री कारागीर एकदां येऊन लावून जातो. घर हालत नाहीं, म्हणून छत्रीही हालत नाहीं, आणि घरांतील कोणास तिची दिशा ठाऊक असण्याचें कारण पडत नाहीं. पण जेथें घरच चार दिवसांचें किंवा चार महिन्यांचें असतें तेथें काय करावें? सुटींत म्हैसमाळच्या डोंगरावर तंबू ठोकून राहणारीं कुटुंबें आहेत. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताह दर वर्षीं श्रावणांत निराळ्या गांवीं भरतो, तेव्हां मांडवाभोंवतीं राहुट्या आणि पालें पडतात. आणि सर्वांत मोठा मुक्काम म्हणजे ऊसतोडणीचा. दसरा-दिवाळी झाली कीं मराठवाड्यांतून, विशेषतः बीड जिल्ह्यांतून, लाखों माणसें कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि साखर कारखान्यांच्या परिसरांत बांबू व पाचट यांच्या कोप्या उभारून उन्हाळा लागेपर्यंत राहतात. अशा कोपीपुढें खांबास बांधलेली छत्री दिसली तर तिला चैन समजूं नये. त्या छत्रींतून केवळ गाणीं आणि मालिकाच येतात असें नाहीं. शाळेचे धडेही येतात. तो मुद्दा आपण शेवटीं घेऊं. आधीं छत्री कोठें पाहते, आणि तिला तसें पाहावयास कसें लावावें, तें समजून घेऊं.

जो उपग्रह आपणांस चित्र पाठवितो तो पृथ्वीच्या विषुववृत्तावर, भूपृष्ठापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरत असतो. या उंचीचें वैशिष्ट्य असें कीं, तेथील उपग्रहास पृथ्वीभोंवतीं एक प्रदक्षिणा करण्यास २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंद लागतात. आणि पृथ्वीसही स्वतःभोंवतीं फिरण्यास तितकाच वेळ लागतो. दोघांची गति अशी जुळल्यामुळें उपग्रह दर सेकंदास तीन किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असूनही आपणांस जागच्या जागीं स्थिर भासतो. ज्या तीन उपग्रहांनीं अवघी पृथ्वी संदेशांनीं जोडतां येईल, त्यांची अशी योजना आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें १९४५ सालीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत मांडली होती. तेव्हां ती कल्पनेची भरारी वाटली असेल. पण १९६४ सालीं असा पहिला उपग्रह आकाशांत स्थिर झाला, आणि आज त्या एका वर्तुळावर शेंकडों उपग्रह रांगेनें उभे आहेत.

आपल्या सरकारी प्रसारणाची जी मोफत सेवा आहे, जिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात, ती १६ डिसेंबर २००४ रोजीं सुरू झाली. तिला महिन्याचें भाडें नाहीं. छत्री आणि बॉक्स एकदां विकत घेतला कीं झालें. ही सेवा आज जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून मिळते. तो नोव्हेंबर २०१५ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील कौरू येथून सोडण्यांत आला, आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर, तो उभा आहे. त्रिप्रश्नांपैकीं काल हा प्रश्न येथें गळून पडतो, हें लक्षांत घ्यावें. सूर्यचंद्र क्षणोक्षणीं सरकतात. हा सरकत नाहीं. उत्तरेस जसा ध्रुव अढळ, तसा हा दक्षिणेकडील आकाशांत अढळ आहे. म्हणून उरतात ते दोनच प्रश्न : आपण कोठें आहों, आणि दिशा कोणती.

देशाचा प्रश्न सोपा आहे. वैजापूरचा अक्षांश १९ अंश ५५ कला उत्तर, आणि रेखांश ७४ अंश ४४ कला पूर्व. उपग्रहाच्या रेखांशांतून हा वजा केला कीं १८ अंश ४६ कला उरतात. म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेस इतका सरकलेला, आणि आपल्या दक्षिणेस विषुववृत्तावर आहे. आतां दक्षिणेपासून पूर्वेकडे किती वळावें याचा नियम असा : रेखांशांतील अंतराच्या स्पर्शज्येस अक्षांशाच्या भुजज्येनें भागावें; जो भागाकार येईल ती इच्छित कोनाची स्पर्शज्या. वैजापूरचे आंकडे घालून पाहिले तर वर ०.३४० आणि खालीं ०.३४१ येतात. भागाकार जवळजवळ बरोबर एक. आणि ज्याची स्पर्शज्या एक तो कोन ४५ अंशांचा, हें शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास आठवेल. दक्षिण आणि पूर्व यांच्या नेमकी मध्यावरची दिशा ती आग्नेय. वैजापुरावरून हा उपग्रह अगदीं बिनचूक आग्नेयेस आहे, असा योग महाराष्ट्रांत सर्वत्र नाहीं. पुण्यामुंबईस त्याची दिशा आग्नेयेहून तीनचार अंश पूर्वेकडे, आणि नागपुरास नऊ अंश दक्षिणेकडे येते. स्वयंपाकघर आग्नेयेस असावें असें म्हणणाऱ्या आपल्या आजीबाईंस ही दिशा दाखवून द्यावी. त्यांस ती शिकवावी लागणार नाहीं.

दुसरा कोन उंचीचा. क्षितिजापासून वर किती अंशांवर उपग्रह आहे? वैजापुरास हा कोन सुमारें ५८ अंश येतो. हा लक्षांत ठेवण्याची एक सोपी युक्ति आहे. ज्या काटकोन त्रिकोणाचा पाया ५ आणि उंची ८ असते, त्याच्या कर्णाचा पायाशीं होणारा कोन ५८ अंशांचाच असतो. पांच वितींचा पाया आणि आठ वितींची उंची, किंवा पुठ्ठ्यावर पांच व आठ सेंटिमीटर घेऊन असा त्रिकोण मुलांनीं कापून ठेवावा. पाया ओळंब्याशीं काटकोनांत धरून कर्णाच्या कडेनें आग्नेयेस पाहिलें कीं जेथें नजर जाते तेथेंच, ३६,६०० किलोमीटरांवर, तो उपग्रह आहे. डोळ्यांस तो दिसणार नाहीं. पण मध्यें झाडाची फांदी, मांडवाचें छत किंवा वीजवाहिनीचा खांब आड येतो कीं नाहीं तें तत्काळ दिसेल. छत्री लावण्यापूर्वीं हें पाहणें अगत्याचें आहे. याच त्रिकोणावरून दुसरा एक हिशेब निघतो. आग्नेयेस जें झाड असेल त्याच्या उंचीच्या पांच-अष्टमांशाहून छत्री अधिक दूर असावी. दहा मीटरांचा निंब असेल तर सवासहा मीटर. तीन मीटर वाढलेला ऊंस असेल तर दोन मीटर पुरे. निष्पर्ण झाडांतूनही चित्र येतें असें समजून हिंवाळ्यांत झाडाआड लावलेली छत्री पालवी फुटतांच आंधळी होते.

आतां दिशेचा प्रश्न. होकायंत्र असेल तर काम सोपें. आपल्या भागांत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आंतबाहेरच फरक पडतो, म्हणून तो सोडून दिला तरी चालेल. मोबाईलमध्यें असतें तेंही होकायंत्रच. पण ट्रॅक्टरची ट्रॉली, बैलगाडीची लोखंडी धांव किंवा छत्रीचा लोखंडी खांब जवळ असेल तर दोन्हीं सारखींच फसतात. अशा जागीं आपल्या पूर्वजांची रीत अधिक भरंवशाची आहे.

कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी मापण्याच्या शास्त्रांत, ही रीत सांगितलेली आहे. पुढें सर्व सिद्धान्तकारांनीं ती घेतली. आणि ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवजवळच्या पाटण येथें तेराव्या शतकाच्या आरंभीं मठ स्थापन झाला, त्या भास्कराचार्यांच्या सिद्धान्तांतही दिक्साधन आहेच. रीत अशी : भुई पाण्यासारखी सपाट करावी. तींत हातभर उंचीची सरळ काठी, म्हणजे शंकु, ओळंब्यांत रोंवावी. सकाळीं दहाच्या सुमारास काठीची सांवली जेथें संपते तेथें खूण करावी. काठीस दोरी बांधून त्या खुणेइतक्या त्रिज्येचें वर्तुळ काढावें. सांवली दुपारपर्यंत आंखडत वर्तुळाच्या आंत जाईल, आणि पुन्हां लांबत दुपारीं तीनच्या सुमारास वर्तुळास दुसऱ्या बाजूस शिवेल. तेथें दुसरी खूण करावी. सकाळची खूण पश्चिमेस असते, दुपारची पूर्वेस. या दोहोंस जोडणारी रेषा ही खरी पूर्वापर रेषा. मग दोन्ही खुणांपासून समान लांबीच्या दोरीनें कमानी काढल्या कीं मध्यें माशासारखी आकृति होते; तिला ग्रंथांत ‘मत्स्य’ असेंच नांव आहे. माशाच्या तोंडापासून शेंपटीपर्यंतची रेषा ती दक्षिणोत्तर. काठीपासून पूर्वेस तीन हात आणि दक्षिणेस तीन हात मोजून त्या दोन टोंकांमध्यें दोरी ताणावी. दोरीचा मध्यबिंदु काठीपासून बरोबर आग्नेयेस येतो. दहा वर्षांच्या मुलास हें सर्व करतां येतें, आणि एकदां केलें कीं तो भूमिति विसरत नाहीं.

ज्यांस दिवसभर थांबावयास सवड नाहीं त्यांनीं खऱ्या मध्याह्नीं शंकूची सांवली पाहावी. ती त्या क्षणीं सर्वांत आंखूड असते आणि दक्षिणोत्तर रेषेवर पडते. मात्र खरा मध्याह्न घड्याळाच्या बारा वाजतां होत नाहीं. आपलें प्रमाणवेळेचें घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचें आहे. वैजापूर त्याच्या पश्चिमेस असल्यामुळें येथें सूर्य माथ्यावरील रेषेस सरासरीनें ३१ मिनिटें उशीरा येतो. ऋतुमानाप्रमाणें ही वेळ सव्वाबारा ते पाऊण यांच्या दरम्यान बदलते. रात्रीचा मुक्काम असेल तर ध्रुवताऱ्याकडे पाठ करावी, म्हणजे तोंड दक्षिणेस झालें. तेथून डावीकडे अर्धा काटकोन वळलें कीं आग्नेय.

सूर्य स्वतः उपग्रहाची जागा दाखवितो असे दिवसही वर्षांतून दोनदां येतात. मार्चच्या १२ तारखेच्या सुमारास सकाळीं सव्वाअकरा वाजतां, आणि ऑक्टोबरच्या १-२ तारखेस अकराला पांचसात मिनिटें कमी असतां, वैजापुरावरून पाहतां सूर्य नेमका या उपग्रहाच्या पाठीमागें येतो. त्या दिवसांत कांहीं मिनिटें चित्र बिघडतें, कारण सूर्याच्या स्वतःच्या गोंगाटांत उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. छत्री नादुरुस्त झाली असें समजून कोणी तिला हात लावूं नये. उलट त्या क्षणीं शंकूची सांवली भुईवर आंखून ठेवावी. ती सांवली वायव्येस पडते; तिच्या उलट दिशेस उपग्रह.

दिशा आणि उंची समजल्यावर खांब उभा करावयाचा. सर्व कामांत हा भाग सर्वांत नीरस, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. खांब दोन बाजूंनीं ओळंबा लावून अगदीं उभा असला पाहिजे. तो कलता असेल तर छत्री आडवी फिरवितांना तिची उंचीही नकळत बदलते, आणि मग एक कोन साधतां साधतां दुसरा सुटतो. पुष्कळ लोक तासन् तास छत्री फिरवून कंटाळतात त्याचें कारण बहुधा येथें असतें. मुक्कामाच्या जागीं खांबाच्या तिवईवर दगड किंवा वाळूनें भरलेलीं पोतीं ठेवावींत, आणि मेखा ठोकून तीन दोऱ्यांनीं खांब ताणून घ्यावा. छत्री म्हणजे वाऱ्याचें शीडच होय.

छत्रीच्या दांडीवर पुढें जो लहान डबा असतो त्यास ‘एलएनबी’ म्हणतात. छत्री आकाशांतून आलेल्या लहरी गोळा करून त्याच्या तोंडांत टाकते, आणि तो त्यांचें बल वाढवून तारेनें बॉक्सकडे पाठवितो. छत्रीच्या तोंडाकडे पाहून अनेकांची फसगत होते. उपग्रह ५८ अंश उंच आहे तर छत्रीचें तोंडही तितकें वर असावें असें वाटतें. पण घरगुती छत्र्यांची घडण तिरकस असते. डब्याची सांवली छत्रीवर पडूं नये म्हणून तो खालच्या बाजूस बसविलेला असतो, आणि त्यामुळें छत्रीचा रोंख तिच्या तोंडाहून सुमारें २५ अंश वर असतो. म्हणजे साठ सेंटिमीटरांच्या छत्रीच्या वरच्या कडेस ओळंबा सोडला असतां तो खालच्या कडेच्या मागें ३३ ते ३५ सेंटिमीटरांवर पडावा. छत्रीच्या मागील पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर त्यांत हा फरक बहुधा आधींच धरलेला असतो. तेथें सरळ ५८ वर कांटा आणावा.

डब्यासही एक वळण द्यावें लागतें. उपग्रहाच्या लहरी उभ्या-आडव्या अशा ठराविक पातळींत कंप पावत येतात, आणि आपण त्याच्या सरळ उत्तरेस नसल्यामुळें ती पातळी आपणांस कललेली मिळते. वैजापुरास हा कल सुमारें ४२ अंशांचा आहे. छत्रीच्या पाठीमागें उभें राहून उपग्रहाकडे तोंड करावें, आणि डबा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेस तितका वळवावा. डबा तसाच सरळ ठेवल्यास दिशा बिनचूक असूनही चित्र अपुरें किंवा तुटक येतें.

यापुढचें काम धीराचें. साठ सेंटिमीटरांची छत्री आकाशाचा जेमतेम तीन अंशांचा तुकडा पाहते. हात लांब करून अंगठा धरला तर तो जितकें आकाश झांकतो, त्याच्या दीडपट. रोंख एका अंशाहून अधिक चुकला तर चित्र जातें. आणि चार सेंटिमीटर जाडीच्या खांबावर एक अंश म्हणजे एका मिलिमीटराचा तिसरा हिस्सा. हातानें दिलेला एक धक्का म्हणजे पांचदहा अंशांची उडी. शिवाय बॉक्सला सिग्नल ओळखावयास कांहीं सेकंद लागतात. म्हणून उंची ५८ वर घट्ट करून, आग्नेयेच्या दोन्ही बाजूंस दहा दहा अंशांच्या टापूंत छत्री केंसभर फिरवावी, पांच सेकंद थांबावें, पुन्हां केंसभर फिरवावी. सिग्नल न सांपडल्यास उंची एक अंश बदलून तोच क्रम पुन्हां करावा. एकानें छत्रीशीं असावें, दुसऱ्यानें टीव्हीपाशीं बसून आंकडे मोठ्यानें सांगावेत.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात : एक सिग्नलच्या बलाची, दुसरी गुणवत्तेची. पहिलीवर भाळूं नये. छत्री रिकाम्या आकाशाकडे असली तरीही बलाची पट्टी पुष्कळदां भरलेली दिसते. ती फक्त तार जोडलेली असल्याचें सांगते. खरी पारख गुणवत्तेच्या पट्टीची. तीही उंचावली तरी काम संपत नाहीं, कारण शेजारींच ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, आणि दीड अंशाच्या अंतरानें छत्री परक्या घरीं जाऊं शकते. अपेक्षित वाहिन्या लागल्या तरच आपला उपग्रह सांपडला असें समजावें. मग खिळे एकाआड एक, थोडे थोडे आंवळावे. एकदम आंवळले तर छत्री वळते. तार जोडण्यापूर्वीं बॉक्स बंद करावा, आणि जोडाच्या जागीं पाणी शिरणार नाहीं असें गुंडाळावें. जोराच्या पावसांत चित्र थिजतें, तें लहरी पाण्यानें शोषल्यामुळें. तेव्हां छत्री फिरवूं नये. विजा कडाडत असतील तर तारच काढून ठेवावी.

विजेचा हिशेबही थोडक्यांत सांगतों. लहान टीव्ही आणि बॉक्स मिळून ४० वाट धरले, तर १२ व्होल्टची ४० अँपियर-तासांची बॅटरी अर्धी वापरून सहा तास पुरते. दिवसा सूर्यपट्टीवर ती पुन्हां भरतां येते. मुक्काम हालला कीं छत्री पुन्हां लावावी लागते. वैजापूरहून सांगलीकडे गेलें तर रोंख पांच अंश पूर्वेकडे आणि दोन अंश वर न्यावा लागतो; छत्रीस दिसणाऱ्या तीन अंशांच्या मानानें हा फरक मोठा आहे. गेल्या मुक्कामीं बरोबर असलेली खूण नव्या मुक्कामीं चुकीची असते ती यामुळें.

आतां धड्यांचा मुद्दा. उपग्रहानें खेड्यांस शिकवावें ही कल्पना आपल्या देशांत नवी नाहीं. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेनें वर्षभरासाठीं वापरावयास दिलेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविले गेले. या ‘साइट’ प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापुरांत जन्मलेले आपले मराठी शास्त्रज्ञ. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण सीमेलगतचे विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. तेथें शाळांवर तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या बसविल्या होत्या, आणि त्यांचीं तोंडें आग्नेयेस नव्हे, तर पश्चिमेकडे कललेलीं होतीं, कारण तो उपग्रह आफ्रिकेच्या माथ्यावर होता. वर्ष संपलें, उपग्रह परत नेण्यांत आला, आणि छत्र्या होत्या तेथेंच मुक्या झाल्या.

आज नेमकी उलट स्थिति आहे. उपग्रह आपला आहे आणि तो कोठें जात नाहीं. २०१७ सालीं ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या. २०२० च्या मे महिन्यांत, शाळा बंद असतां, पहिली ते बारावी अशा प्रत्येक इयत्तेस एक वाहिनी देण्याची योजना सरकारनें जाहीर केली. आणि प्रादेशिक भाषांतून शिकवितां यावें म्हणून या वाहिन्यांची संख्या बारावरून दोनशें करण्याची घोषणा २०२२ च्या अंदाजपत्रकांत झाली. हे धडे विनामूल्य आहेत आणि त्यांस इंटरनेट लागत नाहीं. म्हणजे कोपीवर रात्रंदिवस धडे बरसत असतात, आणि कोपींतील पोर मात्र आईबापांबरोबर पहांटे फडांत जाऊन मोळ्या बांधूं लागतें किंवा धाकट्या भावंडास सांभाळीत बसतें. मध्यें अंतर असतें तें पुष्कळदां दोनचार अंशांचेंच. छत्री आहे, बॉक्स आहे, पण मुक्काम बदलल्यावर ती कशी लावावी हें कोणास ठाऊक नसतें. आणि शेतांतल्या मुक्कामीं कारागीर बोलवावयाचा तर येण्याजाण्याचा खर्च त्यांनीं कोठून करावा?

चित्र लागलें म्हणजे शिक्षण झालें, असें माझें म्हणणें नाहीं. टीव्ही हा गुरुजी नव्हे; तो प्रश्न विचारीत नाहीं आणि पाटी तपासीत नाहीं. मुलास शाळेंतच घातलें पाहिजे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें स्थलांतर केलेल्या मुलास दुसऱ्या शाळेंत जाण्याचा हक्कही दिलेला आहे. जेथें साखरशाळा चालते, किंवा मुलांस मागें गांवीं ठेवण्यासाठीं हंगामी वसतिगृह असतें, तेथें तेंच पहिलें. परंतु शाळा लांब असली, दाखला वेळेवर आला नाहीं, मुकादमानें मुक्काम अचानक हालविला, अशा मधल्या आठवड्यांत मुलाची अक्षरओळख पुसून जाते. ती टिकविण्यापुरता तरी रोज ठराविक वेळीं एक अर्धा तासाचा धडा, आणि त्याबरोबर पाटी घेऊन बसणारा एक मोठा माणूस, इतकें झालें तरी मुलगा परत शाळेंत जाईल तेव्हां सर्वांच्या मागें पडणार नाहीं.

आपल्या घरांत गणित शिकलेलीं मुलें-मुली आहेत. वैजापूरच्या दक्षिणेस गोदाकांठीं, नांदूर-मध्यमेश्वरच्या पाटपाण्यावर उभ्या राहिलेल्या उंसाच्या पट्ट्यांत, दर हंगामांत कोप्या पडतात. दिवाळीच्या सुटींत या मुलांकडून पांचास आठचा पुठ्ठ्याचा त्रिकोण करवून घ्यावा, शंकु रोंववून आपल्याच अंगणांत आग्नेय काढवून घ्यावी, आणि एका रविवारीं, घरच्या एखाद्या मोठ्या माणसाबरोबर, शेतमालकास व टोळींतील वडील माणसांस विचारून, त्यांस कोपीवर पाठवावें. तेथें छत्री स्वतः लावून देऊन परत येऊं नये. टोळींतीलच एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस ती लावावयास शिकवून यावें. उपग्रह जेथें आहे तेथेंच राहणार. मुक्काम मात्र पुढल्या महिन्यांत हालणार, आणि तेव्हां आपण तेथें असणार नाहीं.